बाईच्या हातचं

सगळ्या गल्लीनं शेळ्या विंचरून टाकल्या आणि मगच आभाळ फिरलं. तेही आधी आठ दिवस लाडीगोडी लावून. एप्रिलचा दुसरा आठवडा. रेल्वे फाटकापलीकडच्या त्या गल्लीत बायका कोट काढून अंगणात बसल्या होत्या, धान्याच्या उंच कोठारावर कबुतरं घुमत होती आणि चिखल वाळून त्याच्या खपल्या निघत होत्या. असल्या उबेत शेळीच्या अंगाची मऊ लव आपसूक सुटते. शेळी आडवी पाडायची, पाय बांधायचे, गुडघा मानेवर ठेवायचा आणि लोखंडी दातांच्या फणीनं विंचरत जायचं. लवेचा व्यापारी शनिवारी यायचा होता, म्हणून जो तो घाईला आलेला.

बोरानच्या घरात मात्र यावरून चांगलंच वाजलं.

"पाच पाहुणं अजून यायचेत," त्याचा बाप ओस्पान ओसरीतल्या बाकावरून म्हणाला. ऐंशीला टेकलेला म्हातारा, कानात केसाळ टोपीचे केस गेलेले, पण आवाज खणखणीत. "ते येऊन जाऊ देत. मग विंचर."

"आबा, सगळी गल्ली विंचरतीय."

"पाच वाटसरू असल्याच उन्हाला भुलून निघालं व्हतं, कोट घरी ठिवून. पाचच्या पाच गोठून मेलं. दरसाली त्या पाच पाहुण्यांच्या पाच दिवसांत थंडी परत येती, तवा शहाणा माणूस जनावर भाईर काढीत न्हाई."

"ते कवाचं! रेडिओनं सांगितलंय, आठवडाभर ऊन."

"रेडिओकडं शेळ्या हायेत का?"

बोरानची बायको काम्शात शेळीच्या मानेवर गुडघा देऊन बसली होती. तिला हसू आलं, पण ते तिनं खांद्यावर तोंड पुसल्यासारखं करून लपवलं. वीस वर्षं झाली होती तिला या घरात येऊन. या वीस वर्षांत तिनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, त्याच्यासमोर मोठ्यानं बोलली नव्हती आणि त्याच्या ताटाला ताट लावून जेवली नव्हती. नवऱ्यानं सांगितलं विंचर, म्हणून ती विंचरत होती. तिच्या अंगठ्याची कातडी सोलवटून लाल झाली होती.

बुधवारी पाच पाहुण्यांचे दिवस लागले. ऊन तसंच. गुरुवारी राखणीची पाळी बोरानची होती. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या शेळ्या एकत्र रानात न्यायच्या आणि दर दिवशी एकेका घरानं राखायच्या, अशी तिथली रीत. पहाटे म्हाताऱ्यानं अंगणाच्या फाटकाला आतून कडी घातली आणि बोराननं ती काढली नाही. खरं म्हणजे त्याचंही मन शंकेत होतं. उत्तरेकडे आभाळाच्या कडेला एक मळकट पट्टा दिसत होता.

तेवढ्यात शाकीर आला. शाकीर म्हणजे बोरानचा थोरला चुलत भाऊ. मान आणि डोकं एकाच जाडीचं. त्याच्यापुढे त्याचा पांढरा बोकड. सगळा कळप त्या बोकडामागून चालायचा आणि शाकीर त्याचं कौतुक पोटच्या पोरासारखं करायचा.

"काय रं, झोपलायस का मेलायस?"

"आज नको, शाकीर. आबा म्हणत्यात..."

"तुझ्या घरची पाळी आली की कायतरी दुखतंयच बघ!" शाकीर मागच्या बायकांकडे वळून मोठ्यानं म्हणाला. "मागल्या खेपंला घोडं लंगडं. आता आभाळ लंगडं. म्होरल्या खेपंला काय लंगडं, बोरान, तुझंच?"

बायका फिदीफिदी हसल्या. बोरानच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या काम्शातनं पाहिल्या. या माणसाला चारचौघांत कुणी हसलं की त्याची अक्कल गहाण पडते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यानं कडी काढली, घोड्यावर खोगीर टाकलं आणि अंगातल्या पातळ कोटानिशी गल्लीच्या शंभरावर शेळ्या हाकत निघून गेला. म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे केलं.

दुपारी बाराला वारा पडला. कबुतरं गप्प झाली. मग दक्षिणेकडून पाऊस आला, कोमट आणि जाड थेंबांचा. काम्शात दोरीवरचे कपडे काढेपर्यंत वाऱ्यानं पलटी खाल्ली आणि तो उत्तरेकडून सुरू झाला. पावसाचे थेंब गालाला टोचायला लागले. तिच्या हातातला ओला सदरा घरात येईतो कडक झाला होता.

म्हातारा दारात उभा होता. हातात त्याचा स्वतःचा मेंढीच्या कातड्याचा कोट.

"सुने, घे हे. जा," तो म्हणाला. "रुळाच्या कडंकडंनं जा. रूळ सोडू नकोस."

ती निघाली. अर्ध्या वाटेवर पावसाचा बर्फ झाला, बर्फही कोरडा नव्हे, चिकट, ओला, आडवा येणारा. डोळे उघडले की आत भरायचा. एक पाय रुळाला घासत ती चालत राहिली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेळ्यांचा आवाज आधी ऐकू आला, मग त्या दिसल्या. मोडक्या सरकारी मेंढवाड्याच्या भिंतीला चिकटून त्या एकीवर एक चढत होत्या. मेंढवाड्याच्या तीन भिंती उभ्या होत्या आणि छपराचा अर्धा पत्रा. आणि कोपऱ्यात बोरान, गुडघे पोटाशी घेऊन.

"घोडं घसरलं," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "हात सापडला खाली. दगडावर. पळालं भडवं घराकडं."

उजवा हात त्यानं डाव्यात धरला होता. बोटं कुठल्या कुठं वळलेली. काम्शातनं त्याच्या अंगावर कोट टाकला आणि शेळ्यांकडे धावली. कोपऱ्यात दहा-पंधरा जणी एकीखाली एक चिरडत होत्या. ती शिंगं धरून ओढायला लागली. एक ओढून टाकली की दोन परत आत घुसायच्या. विंचरलेल्या अंगावर नुसते राठ केस उरलेले, आतली ऊब गेलेली, पाणी थेट कातडीला लागत होतं. पोटं आत-बाहेर होत होती. एक शेळी पुढच्या गुडघ्यांवर बसली, मान वाकडी केली आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"मरतीय!" बोरान ओरडला. "काप, काप! म्हंजे मी कापतो, सुरा काढ माझा, बुटातनं! हराम व्हायच्या आत!"

जनावर आपल्या आपण मेलं तर ते हराम. जीव असेपर्यंत अल्लाचं नाव घेऊन गळ्यावर सुरी फिरली, तरच मांस खाण्याजोगं. दुसऱ्याचं जनावर राखणीत मेलं तर भरून द्यावं लागतं. पण वेळेवर कापलं आणि मांस मालकाच्या घरी पोचवलं, तर तो दैवाचा घाला. कुणी कुणाला बोलत नाही. गल्लीत हे बोलूनही दाखवावं लागत नव्हतं.

बोराननं डाव्या हातात सुरा घेतला. शेळीवर वाकला, 'बिस्मिल्ला' म्हणाला आणि ओढला. सुरा घसरला, जबड्यात गेला. शेळी किंचाळली. अशी किंचाळली की काम्शातनं कान झाकले. त्यानं पुन्हा ओढला, तोही तिरपा गेला. शेळी उठून अर्धवट चिरलेल्या गळ्यानं भिंतीवर जाऊन आदळली.

"दे इकडं!"

"बाईच्या हातचं कापल्यालं कोण खाईल? येडी झालीस?"

"मग ठेव तुझा हात माझ्या हातावर! ठेव!"

त्यानं ठेवला. डाव्या हाताचा पंजा तिच्या मुठीवर. तिनं शेळीचं तोंड किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला वळवलं, निदान तिला वाटलं तिकडे, आणि सुरा एका दमात ओढला. रक्त गरम होतं. बोटांना ते इतकं बरं वाटलं की तिची तिलाच किळस आली.

दुसरी. तिसरी. पाचवीला बोरान मटकन खाली बसला आणि त्याला ओकारी झाली. मग तो उठलाच नाही. काम्शात एकटीच फिरत राहिली. जी उभी होती तिला लाथा घालून हिंडवायची, जी बसली तिला बुक्क्या मारून उठवायची आणि जिचे डोळे फिरले तिच्या मानेवर गुडघा द्यायचा. दर वेळी बिस्मिल्ला. एकदा म्हणायचं राहिलं असं वाटून तिनं सुरा मागं घेतला आणि पुन्हा म्हणून मग ओढला. हात गारठले की ती गळ्याच्या चिरेपाशी धरायची आणि बोटं हलायला लागली की पुढची. त्यात तिची स्वतःची काळी शेळी होती. शाकीरच्या बायकोच्या, उर्कियाच्या दोन होत्या. आणि शाकीरचा पांढरा बोकड होता. तो पत्र्याखाली न येता दाराच्या तोंडाशी उभा राहिला होता, आडदांड लेकाचा, आणि उभ्या उभ्या गोठत आला होता. त्याला पाडायला ती त्याच्या अंगावर आडवी झोपली. त्याची शिंगं तिच्या बरगडीत बसली. तिनं शिव्या दिल्या, शाकीरला, बोरानला, लवेच्या व्यापाऱ्याला, आणि मग बिस्मिल्ला म्हणून ओढला.

अंधार पडायच्या आधी ट्रॅक्टर आला. शाकीर आणि गल्लीतले तिघे. ट्रॅक्टरच्या दिव्यात मेंढवाड्यातला सगळा बर्फ लाल दिसला. साठेक शेळ्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. बाकीच्या ओळीनं पडलेल्या.

शाकीर आपल्या बोकडापाशी गेला. खाली बसला. त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. मग उठला, सरळ बोरानकडे गेला आणि त्याच्या कुशीत बुटाची लाथ घातली.

"हा मेला असता? हा? ह्यो डोंगर मेला असता थंडीनं? कुणी कापला?"

"मी," बोरान म्हणाला. उजवा हात त्यानं कोटात खुपसला होता.

"तू?" शाकीरनं काम्शातकडे पाहिलं. कोपरापर्यंत रक्त, पुढचा झगा रक्तानं ताठ झालेला.

"भाऊजी," काम्शात म्हणाली, "त्यांचा हात..."

बोराननं डाव्या हाताची चपराक तिच्या तोंडावर हाणली. सगळं अंग टाकून मारली. ती बोकडाच्या पोटावर पडली. तोंडात काहीतरी कुडकन मोडल्याचं तिला ऐकू आलं.

"शेळ्यांचं पाय धरायला आणली व्हती," बोरान शाकीरला म्हणाला. "लई बोलती."

 पडलेल्या शेळ्या ट्रॉलीत चढवायला गल्लीतल्या तिघांनी सुरुवात केली. काम्शात दाढेचा तुकडा जिभेनं चाचपत होती. त्यानं का मारलं ते तिला समजत होतं, त्याबद्दल वाद नव्हता. पण अख्खी दुपार तिनं एकटीनं त्याची लाज झाकली होती आणि तिला मिळालं हे. असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. ती रडली नाही, तिला रडू येतच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी जगात काही झालंच नाही असं ऊन पडलं. पन्हळी वाहायला लागल्या, नऊ वाजेपर्यंत अंगणात घोट्याएवढं पाणी. बोरानच्या पडवीत आणि अंगणात कापलेल्या शेळ्या टांगल्या होत्या, सोललेल्या, मालक ओळखू यावा म्हणून प्रत्येकीचे खुणेचे कान तसेच ठेवलेले. मांसाला पाणी सुटलं होतं. पहिली माशी आली.

हाडवैद्यानं रात्रीच बोरानचा हात पट्ट्यांत बांधला होता. तो लपवणार कुठं? शाकीर अंगणात आला, त्यानं पट्ट्या पाहिल्या आणि हसला.

"ह्या हातानं कापलंस? इतक्या?"

"डाव्यानं."

"डाव्यानं तू भाकर मोडत न्हाईस, लेका! माझ्या बोकडाचा गळा बघितलाय मी. एका रेघंत. बाईनं कापलंय ह्ये." तो वळला. गल्लीतले पुरुष फाटकाशी गोळा झाले होते. "बाईच्या हातचं खायाचं का रं आपण? नसंल खायाचं तर ह्ये समदं हराम. आन मग भरून घ्यायचं. ह्याच्या वाड्यातल्या जित्या शेळ्या, गाय, घोडं, जे हाय ते!"

बोलता बोलता तो वाड्यात शिरलाही. बोरानच्या उरलेल्या अकरा शेळ्यांतली एक शिंगाला धरून त्यानं फरफटत बाहेर काढली. बोरान आडवा झाला. शाकीरनं त्याला छातीनं ढकललं, तो चिखलात उताणा पडला आणि शाकीरचा बूट त्याच्या पट्ट्यांवर पडला. मुद्दाम पडला की चुकून, हे शाकीरच जाणे. बोरान गुरासारखा ओरडला. पाय उचलला गेला नाही.

"सांग, कुणी कापलं?"

"मी! मी कापलं!"

काम्शात पडवीत उभी होती. गाल सुजून डोळा बारीक झालेला. एक शब्द तिच्या तोंडात होता आणि तो बाहेर पडला की हे घर उद्या रिकामं होणार होतं. अकरा शेळ्या, गाय, घोडं. म्हाताऱ्याचं दूध. ती दात आवळून उभी राहिली, तर मोडकी दाढ टोचली.

तेवढ्यात उर्किया आली. शाकीरची बायको, ठेंगणी, हातात भलं मोठं पातेलं. ती नवऱ्याकडे न बघता त्याच्या अंगावरून गेली.

"काढ गं माझ्या दोन," ती काम्शातला म्हणाली. "उन्हं चढून किडं पडल्यावर काय डोंबल करू त्याचं?"

"उर्किया, घरी जा!" शाकीर ओरडला.

"तुमी पाय काढा त्याच्या हातावरनं. तमाशा लावलाय." मग ती मोठ्यानं, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "काम्शातनं मला काल सांजच्यालाच सांगितलं, हात बोरानभाऊजीचा व्हता, हिनं नुसतं मनगट धरलं. धरायला कुणी नगं का, येक हात मोडल्यावर?"

हे साफ खोटं होतं. सांजेला काम्शात कुणाशीच बोलली नव्हती. उर्कियानं तिच्याकडे एकदाच पाहिलं, असं की गप्प बस बाई. मग दुसरी आली, तिसरी आली. पातेली, घमेली, पाट्या. "मलाबी म्हणाली." "मलाबी." बायका कान बघून आपापलं उतरवून न्यायला लागल्या. पुरुषांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग उन्हाकडे, मग मांसाकडे. एकाला कुणालातरी खोकला आला. शाकीरनं पाय काढला.

बोकड मात्र त्यानं उचलला नाही. "ह्यो हितंच शिजवा," तो म्हणाला. "सगळ्यांनी मिळून खाऊ. भांडण मिटलं म्हणून." मोठेपणा घ्यायचा म्हटला की शाकीर हात आखडत नसे.

दुपारी बोरानच्या घरात चटई पसरली, त्यावर कापड. फाटकाशी उभे होते तेच पाच-सहा पुरुष, वर मानाच्या जागी म्हातारा ओस्पान. काम्शातनं बोकडाचं काळीज परतलं, मांस उकळलं, पिठाच्या पट्ट्या त्याच पाण्यात सोडल्या आणि मोठं ताट मध्ये ठेवलं. म्हाताऱ्यापुढे मात्र तिनं वेगळी वाटी ठेवली, दही आणि भाकर. म्हातारा नमाज चुकवणारा नव्हता. निदान त्याला तरी फसवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

म्हाताऱ्यानं वाटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे, तिच्या गालाकडे, तिच्या अंगठ्याकडे. अंगठ्यावर सुऱ्याच्या मुठीनं आलेला फोड फुटला होता.

"मला का दही?"

"मामंजी, दातांना..." ती पुटपुटली.

 वाटी म्हाताऱ्यानं हळूच बाजूला सरकवली, बाही मागं केली आणि मधल्या ताटात हात घातला.

शाकीर दणकून जेवत होता. हनुवटीवर चरबी ओघळलेली. "न्हाई म्हणजे बोरान," तो म्हणाला, "मी रागात बोललो. पन तुझा हात साफ चालतो, हां. येका रेघंत! जनावराला कळलंबी नसंल. बापयाचा हात वळखू येतो." आणि बोराननं मान डोलावली. मान डोलावली आणि थोडा हसलासुद्धा.

काम्शात चहा ओतत होती. तिनं किटली खाली ठेवली. शाकीरनं आणखी एक तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. त्याचा गळा वर-खाली झालेला तिनं नीट बघितला.

"भाऊजी," ती म्हणाली, "तो हात माझा."

ती मोठ्यानं बोलली होती. सासऱ्यासमोर.

"पहिल्या चारीला ह्यांनी हात ठेवला. पुढच्या समद्या मी कापल्या. तुमचा बोकडबी. अंगावर झोपून पाडला त्याला. परत्येकाला बिस्मिल्ला म्हटलंय, ते तेवढं आल्लाला इचारा."

शाकीरच्या तोंडाचा आ झाला. मग तो धडपडत उठला, दाराशी गेला, दोन बोटं घशात घालून खोकला, पण काही निघालं नाही. परत फिरून त्यानं चहाचा वाडगा भिंतीवर फोडला. "बाईच्या हातचं चारलं! मला! भरून घीन, येक येक शेळी भरून घीन!"

"काय भरून घेशील?" म्हातारा म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता. "समद्यांदेखत खाल्लंयस तू. वाखाणून खाल्लंयस. गल्लीत जाऊन सांग जा, म्हणावं, हराम खाऊन आलो."

 बाकीच्यांपैकी दोघांनी हात आवरले. एकजण मात्र खाली मान घालून हाड चोखत होता, तो चोखतच राहिला. शेवटी शाकीर दार आपटून गेला.

मग बोरान उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. डावा हात वर गेला. काम्शात हलली नाही. ती मनात म्हणाली, मार, आता काय राहिलंय मोडायचं.

"बस खाली," म्हातारा म्हणाला.

"आबा, हिनं माझी अब्रू..."

"तुझी अब्रू काल बर्फात ओकत बसली व्हती. बस."

बोरान बसला.  मोडका हात मांडीवर घेऊन तो त्या हाताकडेच बघत राहिला. त्याची कीव यावी असाच तो दिसत होता. काम्शातला आली नाही.

म्हाताऱ्यानं आपल्या शेजारची चटई हातानं झाडली.

"सुने, हितं ये. बस."

ती तिथं कधी बसली नव्हती. घरातली कुठलीच सून कधी बसली नव्हती. ती उठली, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि बसली. म्हाताऱ्यानं ताटातला एक चांगला तुकडा निवडून तिच्या पुढ्यात ठेवला.

"खा," तो म्हणाला. "कालपास्नं खाल्लं न्हाईस."

तिनं घास तोंडात घातला. सुजलेल्या बाजूनं चावता येईना. मग ती दुसऱ्या बाजूनं चावायला लागली.